पायांकडे पाहा

वारकरी वारकऱ्याला भेटला की लहानथोर न पाहता पायां पडतो. पण वाकताना समोरच्याचे पाय आपण पाहतो काय? आम्हीही पाहत नव्हतो.

कुंभार्ली घाटाखाली अलोऱ्यास कीर्तन झाले. एक माळकरी बुवा काही केल्या पायां पडू देईनात. "काही नाही माउली, दुखत नाही," म्हणाले. पाहतो तो अंगठ्याखाली जखम, आत खडा रुतलेला, आणि बुवांना पत्ता नाही! मधुमेह जुना, आणि आषाढीला अनवाणी चालण्याचा नेम.

दुखत नाही, हेच तेथे दुखणे. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. काटा टोचला, डांबराने भाजले, तरी कळत नाही. रक्तही कमी पोहोचते, जखम चिघळते, प्रसंगी पाय काढावा लागतो. पांडुरंगाने अनवाणी येण्याची अट घातल्याचे आम्हांस तरी ठाऊक नाही. म्हटले, "बुवा, नेम मोडल्याचे पाप आमच्या माथी. मऊ, रुंद पायताण घाला. घालण्यापूर्वी आत हात फिरवा. रोज हरिपाठ झाला की तळवे दिव्यापाशी पाहा, दिसत नसतील तर नातवाला दाखवा. आपल्या कोकणच्या पावसात बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. गरम पाण्याने शेकू नका, कुरूप ब्लेडने कापू नका. जखम दिसली की त्याच दिवशी डॉक्टर."

बुवा रुसले. पण दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर चिपळूणला गेले. यंदा ते चालणार नाहीत; दिंडीच्या ट्रकात बसून शिध्याचे पाहतील. आम्ही तेथेही त्यांच्या पायां पडू, आणि नीट पाहू.