तट आणि विश्वास

बाळापूरचा किल्ला मन व म्हैस या नद्यांच्या संगमीं उभा आहे. १७५७ सालीं तो पुरा झाला. नद्यांस पूर आला म्हणजे एक वाट सोडून चोहोंकडे पाणी होतें. तटावर उभ्या असलेल्यास वाटावें, आतां येथें कोण शत्रु येणार? परंतु १९१८ सालीं मुंबईंत शिरलेल्या इन्फ्लुएंझास वऱ्हाडांत यावयास कोणत्याच तटाची अडचण पडली नाहीं. मध्यप्रांत-वऱ्हाड हा त्या सांथीनें अतिशय पोळलेल्या प्रांतांपैकीं होता, आणि साऱ्या हिंदुस्थानांत मृतांची संख्या एक कोटीच्या वर गेली.

सांथ येण्यापूर्वींच जगानें सिद्ध असावें, हें तत्त्व म्हणून कोणीही मान्य करील. पण जो रोग अद्याप आला नाहीं त्यासाठीं खर्च करावा, कीं आज तापानें फणफणलेल्या मुलास औषध द्यावें? हा आक्षेप आम्ही क्षुद्र मानीत नाहीं. मात्र हीं दोन कामें वेगळीं आहेत असें तो गृहीत धरतो, तेथें तो चुकतो. १८९७ सालीं पुण्यास प्लेग होता, तेव्हां सरकारजवळ नवा कायदा होता आणि सैन्यही होतें. नव्हता तो लोकांचा विश्वास. शिपाई घरांत शिरूं लागतांच लोक रोगी लपवूं लागले. विश्वास ऐन सांथींत निर्माण करतां येत नाहीं. आजच्या तापास धांवून येणारी परिचारिका हीच उद्यांच्या सांथीची पहिली तयारी होय.

मे २०२५ मध्यें जिनीव्हा येथें जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनें महासांथींविषयींचा करार संमत केला. १२४ राष्ट्रें अनुकूल होतीं, ११ तटस्थ राहिलीं, प्रतिकूल एकही नव्हतें. लशी व औषधें गरजेप्रमाणें सर्व देशांस मिळावीं, असें त्याचें धोरण आहे. निरोगी दिवसांत असें वचन देणें सोपें असतें. फेब्रुवारी २०२१ मध्यें अमरावती-अकोल्याकडे कोरोना पुन्हा उसळला. पुढें देशभर हाहाकार झाला, आणि आपल्या देशानें लशीची निर्यात आवरती घेतली. तेव्हां आम्हांस बरें वाटलें, हें कबूल केलें पाहिजे. आपलें घर जळत असतां शेजाऱ्याकडे पाणी कोण नेतो? पण त्या लशीची वाट पाहणाऱ्या परदेशस्थांनाही घरदार होतें.

दोष आम्ही त्या घटकेस देत नाहीं, तिच्या आधींच्या स्वस्थ वर्षांस देतों. तेव्हांच पुरेशा विहिरी खणल्या असत्या, तर पाणी कोणास द्यावें आणि कोणास नाकारावें, हा क्रूर हिशेब करण्याची पाळी आली नसती. भ्यालेला माणूस तटच बांधणार. औदार्याची तजवीज त्यानें भय नसतांनाच करून ठेविली पाहिजे. म्हणून हा प्रश्न जिनीव्हाइतकाच बाळापूरचाही आहे.