फर्ज कुणाचा?

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक फलक आहे. शिकून पुढे गेलेल्या मुलांची नावे त्यावर रंगवलेली आहेत. त्यात एक नाव एम.बी.बी.एस. झालेल्या मुलाचे आहे. हदगावसारख्या तालुक्याच्या गावातून, उर्दू माध्यमातून शिकून सरकारी मेडिकलला लागणे ही लहान गोष्ट नव्हे. तो लागला त्या दिवशी मोहल्ल्यात पेढे वाटले गेले, मशिदीत दुआ झाली आणि जो तो म्हणू लागला, आता गावाला आपला डॉक्टर मिळाला. त्या मुलाला मात्र कुणी काही विचारले नव्हते.

गेल्या रमजान ईदला तो घरी आला. शीरखुर्मा खाता खाता मी सहज म्हटले, "बेटा, आता इकडेच दवाखाना टाक. गावाला तुझी गरज आहे." तो हसला आणि म्हणाला, "सर, आपकी बच्ची कहाँ पढती है?"

माझी मुलगी नांदेडला इंग्रजी शाळेत शिकते. तिची अम्मी आणि ती तिथेच राहतात. मी सकाळच्या एस.टी.ने हदगावला येतो आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत जातो. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या वर प्रवास होतो. आणि दरवर्षी मुख्यालयी राहत असल्याचे लिहूनही देतो, कारण घरभाडे भत्ता त्यावर मिळतो. हे सारे त्याला ठाऊक होते. तो मला टोचून बोलला नाही, पण मला उत्तर देता आले नाही. हा लेख त्या न दिलेल्या उत्तरातून आला आहे.

त्याने बंधपत्राचे एक वर्ष एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढले होते. ते कुठले हे मी सांगत नाही. राहायला दिलेल्या खोलीचे छत पावसात गळत होते. भूल देणारा डॉक्टर नाही, रक्त नाही, रात्री नातेवाईकांचा घोळका अंगावर येई. तो म्हणाला, "सर, मी तिथे डॉक्टर नव्हतो, पोस्टमन होतो. पेशंट घ्यायचा आणि पुढे नांदेडला पाठवायचा."

पुढे पाठवण्याचा अर्थ काय होतो हे आपल्या जिल्ह्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये पाहिले. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बालके होती. औषधांच्या टंचाईवर वाद झाला, पुढारी येऊन गेले. दूरदूरहून, शेवटच्या घटकेला आणलेले रुग्ण त्यांत होते, असे रुग्णालयाकडून सांगण्यात आले. त्या बाळांना तिथवर का आणावे लागले, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

सरकारचे उत्तर बंधपत्र हे आहे. जनतेच्या पैशावर शिकलात, तर एक वर्ष सेवा द्या, नाहीतर दंड भरा. महाराष्ट्रात एम.बी.बी.एस.साठी हा दंड कैक वर्षे दहा लाख रुपये होता. ही वेठबिगारी आहे काय? राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली, पण सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा घेण्याची मुभाही त्याच कलमाने राज्याला दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशी बंधपत्रे वैध ठरवली. कायद्याचा प्रश्न तिथे मिटला, पण मनाचा मिटत नाही. ज्या कर्जाला दहा लाखांची किंमत लावता येते ते कर्ज श्रीमंताचा मुलगा फेडून मोकळा होतो, आणि हमालाचा मुलगा खेड्यात जातो. म्हणजे समाजाचे ऋण फेडण्याचा मान पुन्हा गरिबालाच!

आपल्याकडे या प्रश्नासाठी एक जुना शब्द आहे, फर्ज-ए-किफाया. जनाजाच्या नमाजसारखे जे काम वस्तीतल्या काहींनी केले तर सर्वांची सुटका होते आणि कुणीच केले नाही तर सारी वस्ती गुन्हेगार ठरते, ते हे काम. इमाम गजाली यांनी वैद्यकीला यात गणले. इ.स. ११११ मध्ये ते वारले, पण त्यांची तक्रार आजची वाटते. गावोगावी मुसलमान हकीम मिळत नाही, आणि जो तो फिक्ह शिकायला धावतो, कारण त्यात काजीपद आहे, वक्फचा कारभार आहे, मानमरातब आहे. आज फिक्हच्या जागी पुण्या-मुंबईची प्रॅक्टिस ठेवा.

या शब्दाची खुबी अशी की तो एकट्या डॉक्टरला पकडत नाही. सारी वस्ती जबाबदार, तर क्वार्टरचे गळते छत ज्याने दुरुस्त केले नाही तो जबाबदार. रात्री डॉक्टरच्या अंगावर धावून जाणारा जबाबदार. आणि तो बापही जबाबदार, जो बायकोच्या बाळंतपणाला लेडी डॉक्टरच पाहिजे म्हणतो, पण मुलगी नर्सिंगला जाते म्हणाली की रात्रपाळीचे कारण सांगून नाही म्हणतो. असे बाप माझ्या शाळेच्या पालकसभेत दरवर्षी बसतात, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

पण सर्वांचा फर्ज म्हणजे कुणाचाच नाही, अशी पळवाटही यातून निघते. उलेमांनी ती ओळखली होती. पाण्यात माणूस बुडतो आहे आणि काठावर पोहता येणारा एकच जण उभा आहे, तर त्याच्यापुरता तो फर्ज-ए-ऐन होतो. तिथे सुटका नाही. मध्यरात्री अडलेली बाई आणि केंद्रातला एकमेव डॉक्टर, हा तोच काठ. मला छळणारा प्रश्न पुढचा आहे. आपल्याला कधी त्या काठावर उभेच राहावे लागू नये अशी ज्याने आयुष्याची मांडणी करून ठेवली, त्याचे काय? संध्याकाळच्या एस.टी.ने जाणाऱ्या मास्तरचे काय?

काठावर जाऊन राहिलेली माणसे महाराष्ट्रात आहेत. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला गेले आणि त्यांनी खेड्यातल्या निरक्षर बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेववली. तिथले नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. मेळघाटात बैरागडला रवींद्र आणि स्मिता कोल्हे आहेत. आपल्याच जिल्ह्यात किनवटला अशोक बेलखोडे यांचे साने गुरुजी रुग्णालय आहे. त्यांची नावे आपण भाषणांत घेतो, टाळ्या मिळतात, आणि मग प्रत्येक नव्या डॉक्टरकडून संतपणाची अपेक्षा करतो. जामखेड, गडचिरोली, बैरागड, तिन्हीकडे नवरा-बायको मिळून गेले, हे आपण विसरतो. पहिल्या दोन ठिकाणी तर त्यांनी गावातलीच माणसे हाताशी उभी केली. एकट्या तेवीस वर्षांच्या पोराला गळक्या खोलीत टाकून त्याच्याकडून बंग होण्याची आशा धरणे हा जुलूम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये देशांना सल्ला दिला की खेड्यातून आलेली मुले अधिक घ्या, ती खेड्याकडे परतण्याचा संभव जास्त. हे वाचून मला आमचा फलक आठवला. मालेगावच्या मन्सुऱ्याच्या तिब्बिया कॉलेजसारख्या ठिकाणांहून बी.यू.एम.एस. होऊन आलेली मुले आज मराठवाड्यातल्या मोहल्ल्यांत दवाखाने चालवतात. रात्री दार ठोठावले तर तीच उघडतात. आमच्या शाळेतूनही दोघे तसे झाले आहेत. त्यांची नावे फलकावर नाहीत. मी स्वतः ती यादी केली होती.

तो मुलगा सध्या पी.जी.ची तयारी करतो आहे. निघताना म्हणाला, "आणखी एक डॉक्टर सोबत असेल आणि राहायला धड घर असेल, तर मी विचार करीन, सर." मी मान डोलावली.

ईदची सुट्टी संपली आणि मुख्यालयी राहत असल्याचा यंदाचा फॉर्म टेबलावर आला. तो माझ्या बॅगेत तसाच आहे. नांदेडला बेगमला ही गोष्ट सांगितली तर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हदगावात पोरीला कुठल्या शाळेत घालायचं? तुमच्याच?"