एकेक डोळा झाकून

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या गाड्या कारखान्यांकडे निघतात. अनेक मुलंही आईवडिलांबरोबर जातात आणि शाळेतली डोळ्यांची तपासणी हुकते.

दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असलेलं मूल सहसा तक्रार करत नाही. चांगला डोळा सगळं काम उरकतो. दुसऱ्याचं धूसर चित्र मेंदू बाजूला सारतो आणि तो डोळा आळशी होतो. वयाच्या ७-८ वर्षांनंतर तो सुधारणं अवघड जातं. म्हणून चष्म्याच्या दोन भिंगांना दोन नंबर, गरज पडल्यास चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी.

शाळेतली तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते; तो २०१३ पासून आहे. ती हुकली, तर जिल्ह्यातच अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

गाडी निघण्याआधी मुलाचा एकेक डोळा झाकून नजर तपासून घ्या.