हाताची खूण आणि घरातील माणसे

यंत्रास न शिवता, केवळ हात हलवून दिवा लावणे किंवा दूरचित्रवाणीचा आवाज कमी करणे ही आता कल्पनेतील गोष्ट राहिलेली नाही. मायक्रोसॉफ्टने २०१० साली ‘किनेक्ट’ हे उपकरण विक्रीस आणले. त्याच्यासमोर हातवारे केले की पडद्यावरील खेळ चाले. त्याचे उत्पादन २०१७ साली थांबले, तरी ती विद्या मागे पडली नाही. अशी साधने घरात असावीत काय, हा प्रश्न जितका सोयीचा, तितकाच सभ्यतेचाही आहे.

हाताची खूण आपल्याकडे निरर्थक कधीच नव्हती. देवापुढे जोडलेले हात, पूजेतील आवाहनाची मुद्रा, पंगतीत ‘पुरे’ म्हणून पानावर आडवा धरलेला तळहात, या प्रत्येकाचा अर्थ समोरच्यास कळतो. वडीलधाऱ्यांना बोट वाकवून बोलावणे आपण उद्धटपणाचे मानतो, कारण ती खूण हुकमाची असते. आणि हेही विसरू नये की, न शिवता, दुरूनच खुणेने माणसाला काम सांगण्याची रीत आपल्याच समाजात शतकानुशतके चालली. तहानलेल्याच्या ओंजळीत उंचावरून पाणी ओतणारे हात आपल्याच पूर्वजांचे होते. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु हाताला जडलेली सवय केवळ कायद्याने सुटत नाही.

यंत्राला मान नाही आणि अपमानही नाही. त्याला हाताने दटावले तर बिघडते ते भोवतालच्या माणसांचे. आजोबा काही सांगत असता नातवाने हवेत हात झटकला, तर तो दिव्यासाठी होता की आपल्यासाठी, हे त्यांनी कसे ओळखावे? बटण दाबावयास उठणारा निदान काय करीत आहे हे सर्वांना दिसते. शिवाय कंपवाताने थरथरणारा हात यंत्राला उमगेलच असे नाही. म्हणजे ज्यांच्या सोयीसाठी ते आणावे, त्यांनाच ते परके व्हावयाचे.

कणकेने माखलेल्या हातांनी नळ सोडता येत असेल तर त्याला कोण नको म्हणेल? स्वयंपाकघरात हे यंत्र खुशाल असावे. बैठकीची गोष्ट निराळी. खूण ओळखण्यासाठी कॅमेऱ्याच्या यंत्राला सतत पाहतच राहावे लागते. घरी आलेल्या पाहुण्यास अथवा कामास येणाऱ्या बाईंना आपण हे सांगतो काय? जेथे माणसे परस्परांशी बोलावयास बसतात, तेथे भिंतीवरचे जुने बटणच मला बरे वाटते.