पिग्मीवाल्याला काय माहीत असतं

दिवेलागणीच्या सुमारास महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत एक माणूस दुकानादुकानांतून फिरताना दिसतो. खांद्याला बॅग, हातात पावतीचं छोटं मशीन. भुसार दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलता बोलताच गल्ल्यातून शंभराच्या दोन नोटा काढून त्याच्यापुढे धरतो, मशीन कुरकुरतं, चिठोरा बाहेर येतो आणि तो शेजारच्या पानपट्टीकडे वळतो. हा पिग्मी एजंट. छोट्या व्यापाऱ्याच्या लेखी सहकारी बँक म्हणजे हाच माणूस. शाखेची पायरी चढायला त्याला सवड कुठे असते?

पिग्मी मुळात आपल्याकडची नव्हे. विणकरांना हात देण्यासाठी उडुपीत निघालेल्या आणि पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या बँकेनं १९२८ साली रोज दोन आणे दारात जाऊन गोळा करायला सुरुवात केली. कल्पना डॉ. टी. एम. ए. पै यांची. महाराष्ट्रातल्या नागरी बँकांनी आणि पतसंस्थांनी ती इतकी आपलीशी केली की आज ती इथलीच वाटते. या ठेवीवर व्याज तुटपुंजं मिळतं, मुदतीआधी मोडली तर तेही कापलं जातं. तरी लोक भरतात, कारण गल्ल्यातली रोकड घरी गेली की उरत नाही, हे त्यांना अनुभवानं कळलेलं असतं.

बँकेला मात्र या दोनशे रुपयांबरोबर आणखी काहीतरी मिळतं. दोनशेची पिग्मी गेल्या महिन्यापासून पन्नासवर आली आहे, गल्ल्यावर बापाऐवजी धाकटा बसतो आहे, फळ्या रिकाम्या दिसू लागल्या आहेत, घाऊक व्यापाऱ्याचा माणूस रोज खेपा घालतो आहे, हे सगळं एजंटला दिसत असतं. ताळेबंदात यातलं काही उतरत नाही. दिवाळीच्या मालासाठी तोच दुकानदार कर्ज मागायला आला की जाणता शाखाधिकारी कागद उघडण्याआधी एजंटला विचारतो, “माणूस कसा आहे?” केवायसीच्या फॉर्ममध्ये या प्रश्नाला रकाना नाही.

यात भाबडेपणा आहे, असं शहरी वाचकाला वाटेल. पण मिचेल पीटरसन आणि रघुराम राजन यांनी १९९४ साली अमेरिकेतल्या छोट्या व्यवसायांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हेच निघालं. बँकेशी जवळचं नातं असलेल्या धंद्यांना कर्ज मिळणं सोपं जातं. व्याज स्वस्त होण्यापेक्षा कर्ज मिळण्यातच नात्याचा खरा उपयोग होतो. ज्याच्याकडे तारण ठेवायला फारसं नाही आणि हिशेबाच्या वह्या जेमतेम आहेत, त्याला पाव टक्का कमी-जास्त व्याजाचं काय पडलंय? त्याला दारात उभं करून घेणारं कुणीतरी हवं असतं.

सहकारी पतपुरवठ्याची सगळी उभारणीच या आपसांतल्या माहितीवर झाली. जर्मनीत फ्रीडरिश राइफआयझेननं एकोणिसाव्या शतकात खेड्यांतल्या पतसंस्था बांधल्या, तेव्हा संस्थेचं क्षेत्र मुद्दाम लहान ठेवलं. प्रत्येक सभासद दुसऱ्याला ओळखतो आणि एकानं बुडवलं तर सगळ्यांच्या खिशाला चाट बसते, अशी ती रचना होती. आपल्याकडे १९०४चा सहकारी पतसंस्थांचा कायदा येण्याआधीच, १८८९ साली, बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहायकारी मंडळी काढली होती. कायद्याचा आधार नव्हता. एकमेकांची माहिती आणि भीड एवढंच भांडवल. पुढे मुंबईत १९०६ साली शामराव विठ्ठल आणि १९१८ साली सारस्वत या संस्था उभ्या राहिल्या, त्याही आधी आपल्या ज्ञातीतल्या गरजूंसाठीच.

जामीनदाराची पद्धत याच मुशीतली. कर्ज थकलं तर बँक महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला आणू शकते. पण तो दाखला येण्याच्या कितीतरी आधी जामीन राहिलेला मेहुणा दारात येऊन उभा राहतो, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

मात्र जी बँक आपल्या माणसांना नीट ओळखते, ती बाकीच्यांना ओळखतच नाही. ज्ञातीबाहेरचा, बाजारपेठेबाहेरचा, ज्याच्यासाठी शब्द टाकायला कुणी नाही असा माणूस काउंटरपर्यंत पोचत नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यात हे अगदी ठळकपणे दिसलं. लोहारकाम करून रस्त्याकडेला राहणारी एक बाई पावसाळ्याआधी छपराला प्लॅस्टिकचा कागद घेता यावा म्हणून थोडे थोडे पैसे साठवू पाहत होती. ती कर्ज मागत नव्हती; फक्त खातं हवं होतं. बँकेनं तेही उघडलं नाही. चेतना गाला सिन्हा यांनी म्हसवडमध्ये बायकांचीच बँक काढायचं ठरवलं ते यातून. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. त्या अक्षरं गिरवायला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. लिहिता येत नसलं तरी हिशेब येतो, असं त्यांचं म्हणणं. कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला काढायला सांगा, तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढू द्या, बघू कुणाचं आधी होतं! १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आठवडी बाजारात बसणाऱ्या भाजीवालीला शाखेत यायला वेळ नाही, म्हणून बँकेची माणसं बाजारात जाऊ लागली.

इथवर सगळं छान. पण २३ सप्टेंबर २०१९ ही तारीख आठवल्याशिवाय या विषयावर बोलणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. त्या दिवशी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि खातेदाराला सहा महिन्यांत हजार रुपये, एवढीच काढण्याची मुभा राहिली. एकूण कर्जातला सत्तर टक्क्यांहून अधिक हिस्सा एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेला होता आणि तो लपवायला एकवीस हजारांहून जास्त बनावट खाती तयार केली होती. तिथंही नातं होतंच, आणि चांगलं मुरलेलं होतं! फक्त ते वरच्या मजल्यावरचं होतं.

एजंट दुकानदाराला ओळखतो आणि अध्यक्ष बिल्डरला ओळखतो, या दोन्हींना आपण ‘आपुलकीची बँक’ या एकाच जाहिरातीखाली घालतो, इथंच गफलत होते. खालची माहिती रोज तपासली जाते. पिग्मी थांबली की दुसऱ्या दिवशी कळतं. वरच्या मैत्रीत विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, म्हणून कुणी विचारत नाही. त्याची किंमत ठेवीदार मोजतात. पुण्याची रुपी बँक १९१२ची. फेब्रुवारी २०१३मध्ये निर्बंध आले आणि सप्टेंबर २०२२मध्ये ती बंद झाली. मधली साडेनऊ वर्षं पेन्शनरांनी आपल्याच पैशांसाठी अर्ज लिहिण्यात घालवली.

नियम आता पुष्कळ कडक झाले आहेत. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर २००३पासून बंदी आहे. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२०मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेली, आणि त्याच वर्षी बँकिंग कायदा बदलून सहकारी बँकांवरचा रिझर्व्ह बँकेचा हात बळकट करण्यात आला. हे हवंच होतं. पण त्याच्या जोडीनं कर्जाचा निर्णय मुख्य कार्यालयात सिबिलच्या आकड्यावर होऊ लागला आहे, आणि ज्यानं आजवर कर्जच घेतलं नाही, त्या पानपट्टीवाल्याला हा आकडाच नसतो. वरच्यांना आवरण्याच्या नादात खालचं डोळस नातंही काढून टाकलं, तर नागरी बँक आणि मोबाइलवरचं कर्जाचं अ‍ॅप यांत फरक काय राहिला? व्याजदराच्या शर्यतीत तर ती कधीच जिंकणार नाही.

दुखणं आणखी एका जागी आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. सहकारी बँकेत कर्ज घ्यायचं तर शेअर घेऊन सभासद व्हावं लागतं. तारणी कर्जाला अडीच टक्के, विनातारणी असेल तर पाच टक्के शेअर, हा आजवरचा रूढ हिशेब. ठेवीदाराला मात्र सभासद होण्याची सक्ती नाही. मत सभासदालाच, आणि प्रत्येकाला एकच. म्हणजे ज्यांचे पैसे बँकेत आहेत ते बहुधा सभेच्या बाहेर, आणि ज्यांना पैसे हवे आहेत ते आत बसून संचालक निवडतात. संचालक कर्जदारांशी जिव्हाळ्यानं वागतात, यात मग नवल ते काय?

तेव्हा नागरी बँकेत मुदत ठेव असलेल्या वाचकानं एवढं करावं. नाममात्र नव्हे, शेअर घेऊन रीतसर सभासद व्हावं. सभेची नोटीस आणि वार्षिक अहवाल हाती आला की लाभांशाचं आणि सत्काराच्या फोटोंचं पान ओलांडून हिशेबाच्या टिपांकडे जावं. वीस मोठ्या कर्जदारांकडे एकूण कर्जापैकी किती टक्के गेलं आहे, हा आकडा तिथं शोधावा. तो डोळ्यांत भरण्याइतका मोठा असेल, तर सभेत उभं राहून त्याचं कारण विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये.