झांकली मूठ आणि उघडें सत्य

झांकली मूठ सव्वा लाखाची, असें आपल्यांतील वडील माणसें म्हणतात. घरांतील उणें चारचौघांत सांगूं नये, एवढाच या म्हणीचा अर्थ असेल तर तींत दोष नाहीं. परंतु तीच म्हण बाजारांत नेली व जमिनीच्या खरेदीविक्रीस लाविली, म्हणजे एक कठीण प्रश्न उभा राहतो. जें आपणांस ठाऊक आहे व समोरच्या मनुष्यास ठाऊक नाहीं, तें न सांगतां त्याच्याशीं व्यवहार करणें हें खोटें बोलणें होय काय? आणि जें कोणासच नीट ठाऊक नाहीं, तें "लोक असें म्हणतात" एवढ्या आधारावर पुढें सांगणें हें निर्दोष होय काय? हे दोन प्रश्न एकाच मुळापासून फुटले आहेत असें आम्हांस वाटतें. तें मूळ दिसावें म्हणून दूर देशांत खरोखर घडलेली एक हकीकत आम्ही वाचकांपुढें मांडतों.

अमेरिकेंत वॉल्ट डिस्ने नांवाचे एक गृहस्थ होऊन गेले. हालतीं चित्रें काढून तीं पडद्यावर दाखविण्याच्या कलेंत त्यांची मोठी ख्याति होती. १९५५ च्या जुलै महिन्यांत त्यांनीं कॅलिफोर्निया प्रांतांतील ॲनाहाइम या गांवीं, पूर्वी जेथें संत्र्यांच्या बागा होत्या अशा सुमारें १६० एकर जागेंत, डिस्नेलँड नांवाचें करमणुकीचें उद्यान उघडिलें. अशा उद्यानांस हल्लीं थीम पार्क म्हणतात. तेथें लोकांची रीघ लागली. परंतु थोड्याच काळांत भोंवतालच्या जमिनींवर इतरांनीं खाणावळी, उतारूंसाठीं घरें व दुकानें उभारिलीं, आणि येणाऱ्या पैशाचा मोठा वांटा त्यांच्या हातीं गेला. त्यावरून डिस्ने यांनीं असा धडा घेतला कीं, पुढील खेपेस जमीन मुबलक घ्यावी, आणि ती हातीं येईपर्यंत आपलें नांव कोणास कळूं देऊं नये.

१९६३ च्या नोव्हेंबर महिन्यांत त्यांनीं विमानांतून फ्लॉरिडा प्रांताचा मध्यभाग पाहिला. ऑर्लँडो शहराजवळ दोन मोठे हमरस्ते एकमेकांस मिळतात. त्या शहराच्या नैर्ऋत्येस दलदल, रान व गुरचराईच्या जमिनी पसरलेल्या होत्या. पुढील दोन वर्षांत तेथें सुमारें २७,४०० एकर जमीन विकत घेण्यांत आली; परंतु खरेदीखतांवर डिस्ने यांचें नांव कोठेंच नव्हतें. रीडी क्रीक रँच, टोमाहॉक प्रॉपर्टीज, बे लेक प्रॉपर्टीज अशा निरनिराळ्या नांवांच्या कंपन्या त्याच कामासाठीं काढिल्या होत्या. खटपट करणाऱ्या एका वकिलानें तर स्वतःचें आडनांवही निराळें सांगितलें होतें. सर्व जमिनीस मिळून ५० लाख डॉलरांहून थोडी अधिक रक्कम पडली. म्हणजे सरासरीनें एकरास २०० डॉलरांहूनही कमी.

एवढी जमीन कोणी तरी घेत आहे, ही गोष्ट मात्र झांकून राहण्यासारखी नव्हती. १९६५ च्या मे महिन्यांत मोठमोठीं खरेदीखतें सरकारी दप्तरांत नोंदलीं गेलीं, आणि तर्कवितर्कांस ऊत आला. कोणी म्हणे, फोर्ड मोटारींचा कारखाना निघणार. कोणी म्हणे, विमानें बांधणारी मॅक्डॉनेल कंपनी येणार. पूर्वेस समुद्रकांठीं अंतराळांत यानें सोडण्याचें सरकारी ठाणें होतें. तेव्हां त्याच्याशीं संबंध असलेला कांहीं उद्योग असावा, असें शहाणे लोक सांगत. कोणी हॉवर्ड ह्यूज या धनाढ्याचें नांव घेई. डिस्ने यांचेंही नांव निघे. पण अनेक नांवांपैकीं एक म्हणून. वर्तमानपत्रांनीं त्या अज्ञात धन्यास 'गूढ उद्योग' असें नांवच देऊन टाकिलें.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत 'ऑर्लँडो सेंटिनल' या पत्राच्या लेखिका एमिली बेव्हार या डिस्नेलँडच्या दहाव्या वर्षाच्या निमित्तानें ॲनाहाइम येथें गेल्या. इतके दिवस लोक एकमेकांस विचारीत होते. या बाईंनीं खुद्द डिस्ने यांसच विचारलें कीं, ती जमीन आपण घेत आहां काय? डिस्ने यांनीं होय म्हटलें नाहीं. मध्य फ्लॉरिडा अशा उद्यानास कां सोयीचा नाहीं, याचीं कारणें ते सांगूं लागले. पण ज्या ठिकाणाशीं आपला कांहीं संबंध नाहीं, तेथील पाऊसपाणी व प्रवासी यांची एवढी बारीक माहिती त्यांस कशी, याचेंच बाईंस नवल वाटलें, व त्यांनीं तसें लिहिलें. त्या महिन्याच्या २५ तारखेस प्रांताचे गव्हर्नर हेडन बर्न्स यांनीं गोष्ट खरी असल्याचें जाहीर केलें, आणि १५ नोव्हेंबर रोजीं डिस्ने स्वतः ऑर्लँडो येथें येऊन बोलले. भोंवतालच्या ज्या जमिनीस पूर्वी एकरीं शेंकडों डॉलरही येत नसत, तिला हजारों डॉलर मागणी होऊं लागली. पुढील वर्षाच्या डिसेंबर महिन्यांत डिस्ने मरण पावले. उद्यान १ ऑक्टोबर १९७१ रोजीं उघडलें.

आतां दोन शेजारी शेतकरी डोळ्यांपुढें आणूं. एकानें १९६४ सालीं आपली दलदल थोडक्या पैशांत देऊन टाकिली. दुसऱ्यानें आळसामुळें म्हणा कीं हट्टामुळें म्हणा, ती ठेविली, व तो श्रीमंत झाला. पहिला म्हणतो, "मला फसविलें." त्याचें म्हणणें खरें आहे काय?

हा वाद फार जुना आहे. रोमन ग्रंथकार सिसरो यानें ख्रिस्तपूर्व ४४ सालीं आपल्या मुलासाठीं कर्तव्यांविषयीं एक ग्रंथ लिहिला; त्यांत असें उदाहरण आहे. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ पडला असतां एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचें गलबत घेऊन येतो. मागून धान्याचीं आणखी गलबतें येत आहेत, हें त्यानें वाटेंत पाहिलें आहे. तें सांगितलें तर भाव उतरेल. त्यानें सांगावें कीं नाहीं? डायोजिनीज नांवाच्या तत्त्ववेत्त्याचें म्हणणें असें कीं, कायद्यानें जेवढें सांगावयास लाविलें आहे तेवढें सांगावें, पुढें मौन धरण्यास हरकत नाहीं. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो कीं, सर्व सांगितलें पाहिजे, कारण मनुष्य मनुष्याच्या हितासाठीं जन्मला आहे. सिसरो याचा कौल शिष्याकडे पडला; आपल्या लाभासाठीं दुसऱ्यास अंधारांत ठेवणें सज्जनास शोभत नाहीं, असें त्याचें मत.

तरी पण त्या व्यापाऱ्याची गोष्ट व आमची गोष्ट यांत एक भेद आहे. व्यापाऱ्यानें जें पाहिलें तें जगांत अगोदरच घडलेलें होतें. डिस्ने यांस जें ठाऊक होतें तो त्यांचा स्वतःचा बेत होता. शेजाऱ्याच्या कोरड्या दिसणाऱ्या शेतांत पाण्याचा झरा आहे हें आम्हांस कळलें, व तें न सांगतां आम्हीं तें शेत कोरडवाहू म्हणून घेतलें, तर जें मुळांत त्याचें होतें तेंच आम्हीं लपविलें. परंतु तें शेत घेऊन त्यांत आम्हीं स्वतःच्या पैशानें विहीर खणावयाची, हा बेत आमचा. दुसऱ्याच्या मनांतील बेतावर विकणाराचा हक्क नसतो. म्हणून चालू भाव रोख देऊन, कोणावर जुलूम न करितां, केवळ गप्प राहिल्यानें डिस्ने यांनीं त्या शेतकऱ्यास फसविलें, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

पण मौन ही पहिली पायरी आहे. हकीकत तेवढ्यावर थांबत नाहीं. दुसरी पायरी मुखवट्याची. रँच म्हणजे गुरांचा मळा. तें नांव ऐकून विकणाऱ्यास वाटावें कीं येथें गुरें चरतील. त्यानें विचारावें, "आपण कोण?" आणि त्यास खोटें आडनांव मिळावें. येथें त्याचें अज्ञान जसेंच्या तसें ठेविलें नाहीं. त्याच्या मनांत एक चुकीचें चित्र आणून लाविलें. तिसरी पायरी बोलण्याची. बेव्हार बाईंस डिस्ने यांनीं जें सांगितलें, त्यांतील एकेक वाक्य कदाचित् खरें असेल. पण त्या सर्वांची मांडणी ऐकणाऱ्यास सत्यापासून दूर नेण्यासाठीं होती. खऱ्या विटांनीं खोट्याचें घर बांधतां येतें, हें आपण विसरूं नये. "याविषयीं आज मला बोलतां येत नाहीं," असें त्यांस म्हणतां आलें असतें. कोणी म्हणेल, तेवढ्यानेंच गुपित फुटलें असतें. होय, फुटलें असतें, आणि एकेका एकरास अधिक पैसे पडले असते. परंतु सत्य ज्यास फुकटच पाहिजे, त्यास तें फार दिवस मिळत नाहीं.

गुपितानें दर वेळीं लाभच होतो असेंही नाहीं. १९९३ च्या नोव्हेंबर महिन्यांत त्याच डिस्ने कंपनीनें व्हर्जिनिया प्रांतांतील हेमार्केट गांवाजवळ सुमारें ३,००० एकर जमिनीवर अमेरिकेच्या इतिहासाचें उद्यान करण्याचा बेत एकाएकीं जाहीर केला. तेथेंही जमिनीची व्यवस्था आधीं गुपचूप लाविलेली होती. पण जवळच मनॅसस येथें त्या देशांतील यादवी युद्धाचें रणांगण आहे. नामांकित इतिहासकार व आसपासचे रहिवासी विरुद्ध उठले. आणि १९९४ च्या सप्टेंबर महिन्यांत कंपनीस तो बेत सोडावा लागला. विरोधास कारणें अनेक होतीं. तथापि ज्यांस आधीं विचारलें नाहीं, ते मागून विश्वास ठेवीत नाहींत, हेंही त्यांतलें एक असावें असें आम्हांस वाटतें.

आतां अफवा पसरविणाऱ्यांकडे वळूं; कारण डिस्ने यांच्यासारखे धनी थोडे, आणि आम्ही पुष्कळ. मौनानें जी जागा रिकामी ठेविली ती अफवेनें भरली, हें खरें. तरी ज्यानें फोर्डचें नांव छातीठोकपणें सांगितलें, त्यानें जवळ नसलेला माल विकला. त्याच्या शब्दावर भरंवसा ठेवून कोणी कर्ज काढून जमीन घेतली असेल, कोणी घाईनें विकली असेल, तर ती जबाबदारी "मी फक्त ऐकलेलें सांगितलें" एवढ्यानें टळत नाहीं. धन्यानें ठाऊक असलेलें लपविलें, यानें ठाऊक नसलेलें ठाऊक आहे असें दाखविलें. शेजाऱ्याच्या मनांत चुकीचें चित्र दोघांनींही लाविलें. हेंच तें मूळ. आणि त्यावर उपाय काय, तें त्या लेखिकेनें दाखविलें. ज्यास ठाऊक असावें त्याच्याकडे तिनें जाऊन समोरासमोर विचारलें, व जेवढें दिसलें तेवढें लिहिलें.

आमचे कोणी उपदेशक बंधु येथें शंका काढतील. प्रभूच्या दृष्टांतांतील मनुष्यास शेतांत ठेव सांपडली, तेव्हां त्यानें ती लपविली व मग तें शेत विकत घेतलें, त्याचें काय? आमचें उत्तर असें कीं, त्या दृष्टांतांत त्याच्या आनंदाची व सर्वस्व विकण्याच्या तयारीची वाखाणणी आहे. खरेदीच्या रीतीचा धडा तेथें दिलेला नाहीं. तो धडा पाहिजे असेल तर अब्राहामाकडे पाहावें. पत्नीस पुरण्यासाठीं त्यास मकपेल्याचें शेत पाहिजे होतें. नगराच्या वेशींत सर्वांदेखत त्यानें आपण कोण, आपली गरज काय व आपला हेतु काय तें सांगितलें. एफ्रोनानें किंमत सांगितली, आणि अब्राहामानें ४०० शेकेल रुपें लोकांसमक्ष तोलून दिलें. घासाघीस केली असती तर कदाचित् तें शेत स्वस्तांत मिळालें असतें. पण तो सौदा कोणासही मागून उकरून काढावा लागला नाहीं.

आमच्या गांवांतूनही "येथून रस्ता जाणार", "येथें कारखाना येणार" अशा वदंता उठतात. अशा वेळीं दोन गोष्टी कराव्या. विकणाऱ्यानें कोणाच्याही बोलण्यावर न जातां तलाठ्याकडे व कचेरींत जाऊन नोंद पाहावी, आणि घेणाऱ्यास तोंडावर विचारावें कीं, तूं कोणासाठीं घेतोस? घेणाऱ्यानें आपला बेत सांगितला नाहीं तरी चालेल; आपलें नांव मात्र खरें सांगावें. आणि ज्यास यांतलें कांहींच ठाऊक नाहीं, त्यानें "मला ठाऊक नाहीं" असें म्हणण्यास लाजूं नये.

मूठ झांकलेली असण्यांत पाप नाहीं. पण कोणी विचारलें असतां, आंत कांहींच नाहीं असें भासविणारा, आणि आंत काय आहे तें मला ठाऊक आहे असें सांगत फिरणारा, या दोघांपैकीं आपण केव्हां केव्हां कोण झालों होतों, याचा ज्यानें त्यानें आपल्याशीं विचार करावा.