पाणी परतेपर्यंत

बसल्या जागी बसा. खांदे सैल सोडा.

एक श्वास आत घ्या. सोडायची घाई नको.

आता डोळ्यांसमोर एक सपाटी येऊ द्या. डोंगर नाही, झाड नाही. राखाडी, ओली जमीन आणि तिच्यावर भलंमोठं आभाळ.

पायांतलं काढून ठेवा. उन्हाळ्यात इथं अनवाणीच चालतात.

हे जर्मनीचं अगदी उत्तरेकडचं टोक. वर डेन्मार्कची हद्द, पश्चिमेला उत्तर समुद्र. जिल्ह्याचं नाव नॉर्डफ्रीसलांट, मुख्यालय हुझुम. श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यात १९७० साली तीन जुने जिल्हे एकत्र करून हा एक केला.

नकाशावर त्याची हद्द पक्की आहे. तुम्ही आहात तिथं मात्र किनारा दिवसातून दोनदा मागं सरतो आणि दोनदा पुढं येतो.

सहा तासांपूर्वी इथं समुद्र होता.

आता ओहोटी आहे. उभे राहा.

तळव्यांखाली चिखल गार लागतो. बोटांच्या फटींतून तो हळूच वर येतो. एका पायावर भार द्या, मग दुसऱ्या. काही ठिकाणी वाळू घट्ट आहे, लाटांच्या बारीक वळ्या तळव्याला टोचतात. दोन पावलं पुढं पाय घोट्यापर्यंत रुततो. थोडा चिखल उकरला तर खाली काळा थर लागतो. त्याचा वास उग्र आहे. येऊ द्या तो वास.

पायांजवळ पाहा. वाळूच्या शेवयांच्या छोट्या गुंडाळ्या पडल्या आहेत, जिकडे पाहावं तिकडे. प्रत्येकीखाली एक किडा आहे. तो वाळू गिळतो, तिच्यातलं खाण्याजोगं ठेवून घेतो आणि उरलेली वर ढकलतो. एखादी गुंडाळी नुकतीच पडलेली असेल, अजून चकाकणारी.

तिच्याकडे पाहत राहा.

आता ऐका.

आधी वारा ऐकू येईल. इथं तो बहुतेक असतोच. मग लांबवर पाखरांचे आवाज. वसंतात इथं हजारो काळसर हंसक उतरतात, खारट गवत चरतात आणि सैबेरियाकडे निघून जातात.

त्याही पलीकडे जा. खाली वाका. कान जमिनीजवळ न्या.

बारीक तडतड ऐकू येते आहे.

सेंटिमीटरभर लांबीचे जीव बिळांच्या तोंडाशी आपल्या मिशा फाकवतात, आणि त्यांच्यामधला पाण्याचा पापुद्रा फुटतो. एकाचा आवाज कुणालाच ऐकू आला नसता. इथं ते अगणित आहेत.

श्वास मंद करा. तडतड चालू आहे. तुम्ही आलात म्हणून ती सुरू झालेली नाही.

मान वर करा.

लांब, पाणी आणि आभाळ मिळतात तिथं एक उंचवटा दिसतो. त्याच्यावर तीन-चार छपरं. बाकी काही नाही.

ते बेट आहे, पण नेहमीसारखं नाही. या बेटांना हालिग म्हणतात. अशी दहा आहेत. त्यांच्याभोवती समुद्र अडवणारे उंच बांध नाहीत. कुरणं भरतीच्या पातळीच्या जेमतेम वर. घरं मात्र माणसांनी माती टाकून रचलेल्या टेकाडांवर. त्या टेकाडाला म्हणायचं वार्फ्ट. तिच्या मधोमध पावसाचं गोडं पाणी साठवायचं तळं, कारण चहूकडचं पाणी प्यायच्या कामाचं नाही. आता नळ आला आहे. पण काही वार्फ्टांवर तळं अजून आहे.

त्या छपरांवर नजर ठेवा.

आता हिवाळा येऊ द्या. पश्चिमेचा वारा चढतो. गुरं वर आणली जातात. पाणी कुरणात शिरतं, कुंपणांचे खांब दिसेनासे होतात, रस्ता जातो. सगळं बेट पाण्याखाली आणि वर फक्त टेकाडं. आत दिवा लागलेला आहे. चहाचं आधण ठेवलेलं आहे. असं वर्षातून अनेकदा होतं.

या घराच्या खिडकीत थोडा वेळ बसा. सगळीकडे पाणी. काही करायचं नाही, जायला वाट नाही.

श्वास आत. श्वास बाहेर.

पाणी उतरतं तेव्हा गवतावर गाळाचा पातळ थर राहतो. असे थर साचत साचत हालिग उंच होत जाते. उंच बांध घालून पाणी पुरतं बाहेर ठेवलं असतं तर हा गाळही बाहेरच राहिला असता.

पाणी नेहमी इतकं सबुरीनं वागत नाही. १९६२च्या वादळानंतर इथल्या घरांत काँक्रीटच्या खांबांवर तोललेली एकेक खोली बांधली गेली. भिंती कोसळल्या तरी ती उभी राहावी म्हणून.

पुन्हा पायांशी या.

झुडफाल नावाच्या हालिगजवळ ओहोटीच्या वेळी कुठं कुठं चिखलात सरळ रेघा दिसतात. समुद्र सरळ रेघा ओढत नाही. त्या नांगराच्या आहेत.

१३६२च्या जानेवारीत इथलं रुंगहोल्ट नावाचं गाव बुडालं. गर्विष्ठ श्रीमंतांना देवानं शिक्षा केली, असं दंतकथा सांगते. मला त्या देवापेक्षा फावडं जास्त पटतं. मीठ काढण्यासाठी लोक इथला खारट पीट, म्हणजे कुजक्या वनस्पतींचा थर, खणत होते, शेतांसाठी पाणी उपसत होते, आणि त्यांच्याच हातांनी जमीन खचत होती. २०२३ साली संशोधकांना इथं चिखलाखाली एका मोठ्या चर्चच्या खुणा सापडल्या, सुमारे चाळीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद.

१६३४च्या ऑक्टोबरमध्ये एका रात्रीत श्ट्रांट नावाचं मोठं बेट फुटलं. हजारो माणसं गेली. पेल्वोर्म आणि नॉर्डश्ट्रांट हे त्याचेच उरलेले तुकडे.

नांगराच्या त्या रेघेशेजारी उभे राहा. तिच्यावर पाय देऊ नका.

कुणीतरी इथं बैल किंवा घोडा हाकला असेल. ओळ वाकडी जाऊ नये म्हणून समोर कुठंतरी नजर लावली असेल. तुम्हीही समोर पाहा. तितकंच सपाट, तितकंच आभाळ.

काही म्हणू नका.

या जिल्ह्यात जर्मन बोलतात, प्लाटडॉइच बोलतात, डॅनिश बोलतात. आणि फ्रिशियन, तीही बेटागणिक वेगळी. इथं भाषाही हालिगांसारखीच आहे. बोलणारे मोजके, पण टेकाड सोडायला तयार नाहीत.

आता डावीकडे पाहा. मघाशी येताना जो ओहळ तुम्ही सहज ओलांडला, त्यात पाणी हललं आहे. प्रवाह उलटा झाला आहे, जमिनीच्या दिशेनं.

इथं भरती समोरून लाट होऊन येत नाही. आधी ओहळ भरतात. तुम्ही पुढं बघत असता आणि पाणी पाठीमागून वाट अडवतं. अनोळखी माणसानं वाटाड्याशिवाय इथं उतरू नये, ते याचसाठी.

अजून थोडं थांबावंसं वाटेल. थांबू नका.

श्वास जसा आहे तसाच असू द्या. पावलं लांब टाका. ओहळ आधी पार करा, गप्पा नंतर. किनाऱ्यावरच्या बांधावर चढलात की पाय धुवायला नळ आहे.

उद्याची ओहोटी आजच्यापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा आहे. पुन्हा यायचं असेल तर त्या हिशेबानं निघा.